मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती आणि वेळ किती ?

मागें एकदां जानेवारी महिन्यांत भूगोलाचा तास संपल्यावर एक विद्यार्थी आमच्या मेजापाशीं येऊन उभा राहिला. त्याच्या हातांत विमानाच्या तिकिटाची एक प्रत होती. त्याचा वडील भाऊ पुढील शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला होता. तिकिटावर दोन वेळा छापलेल्या होत्या : मुंबईहून निघण्याची वेळ रात्रीं १ वाजून ३० मिनिटें, आणि न्यूयॉर्क येथें उतरण्याची वेळ त्याच तारखेस सकाळीं ७. आईवडील मुलाला पोंचवावयास मुंबईस गेलेले. घरीं हा मुलगा व त्याची आजी अशीं दोघेंच. आजींनीं बोटांवर हिशेब केला : दीडपासून सातपर्यंत साडेपांच तास. सकाळीं सातला त्या टेलिफोनजवळ येऊन बसल्या. आठ वाजले, दहा वाजले, दुपार झाली, तरी निरोप नाहीं. मुलाला व सुनेला उगीच घाबरवूं नये म्हणून त्यांनीं कोणाला विचारलेंही नाहीं; पण अन्नाचा घांस त्यांच्या गळ्याखालीं उतरेना. सायंकाळीं साडेसहाच्या सुमारास जेव्हां नातवाचा आवाज ऐकूं आला, तेव्हां कोठें त्यांच्या जिवांत जीव आला.

ही हकीकत सांगून त्या मुलानें आम्हांस विचारलें, "सर, विमान अगदीं वेळेवर उतरलें असें दादा म्हणतो. मग सकाळीं सातपासून सायंकाळपर्यंत तें होतें कोठें ?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. आम्हीं त्याला तेथल्या तेथें थोडक्यांत उत्तर दिलें; परंतु आज कित्येक घरांतील मुलें परदेशीं आहेत, आणि अशी व्यर्थ काळजी त्या एकाच आजींच्या वांट्याला आली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून तोच विषय येथें सावकाश मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. दूरच्या दोन विमानतळांमधील अंतर किती, हा एक प्रश्न. तें अंतर तोडण्यास वेळ किती लागतो, हा दुसरा. आणि दोन्हीं ठिकाणचीं घड्याळें काय सांगतात, हा तिसरा. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले म्हणजे घोटाळा होतो. वेगळे केले म्हणजे सर्व कांहीं सोपें आहे.

प्रथम अंतराचा विचार करूं. वर्गांत भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीनें सरळ रेघ ओढा. ही रेघ अरबी समुद्र ओलांडून ओमानवरून, पुढें मिसर, अल्जीरिया, मोरोक्को या देशांवरून जाऊन अटलांटिक महासागरांत शिरते. कोणासही वाटेल कीं, सरळ रेघ म्हणजे सर्वांत जवळची वाट. विमान याच वाटेनें जात असेल. परंतु नकाशा हा कागद आहे आणि पृथ्वी ही गोल आहे. मोसंब्याची साल काढून ती मेजावर सपाट करून पाहा. ती कोठें तरी फाटते, नाहीं तर ताणावी लागते. नकाशा काढणाऱ्यालाही हीच अडचण येते. मर्केटर नांवाच्या भूगोलज्ञानें १५६९ सालीं जी पद्धत काढली, तींत उत्तरेकडील व दक्षिणेकडील प्रदेश पूर्वपश्चिम ताणले जातात. ६० अंशांवरील अक्षवृत्त प्रत्यक्षांत विषुववृत्ताच्या निम्मेंच आहे. तथापि त्या नकाशांत तीं दोन्हीं सारख्याच लांबीचीं दिसतात. अर्थात् अशा नकाशावरील सरळ रेघ पृथ्वीवर सरळ राहत नाहीं.

आतां पृथ्वीचा गोल घ्या. एका दोऱ्याचें टोंक मुंबईवर धरा, दुसरें न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताठ ओढा. काय दिसतें ? दोरा पश्चिमेकडे न जातां वायव्येच्याही उत्तरेकडे निघतो ! तो काठेवाड व कच्छ ओलांडतो, सिंध आणि अफगाणिस्तान यांवरून तुर्कमेनिस्तान व कझाकस्तान येथें जातो, आणि रशियाची राजधानी मॉस्को हिला जवळजवळ स्पर्श करतो. पुढें फिनलंडमधील हेलसिंकीजवळून, स्वीडन ओलांडून, नॉर्वेमधील ट्रॉन्डहाइमजवळून तो समुद्रावर उतरतो. आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोंकाला स्पर्श करून, तो कॅनडाच्या लॅब्राडोर प्रांतांत शिरतो, आणि तेथून दक्षिणेकडे वळून न्यूयॉर्कला येतो. ज्या विद्यार्थ्यास हें खोटें वाटेल, त्यानें शाळेंतील गोलावर स्वतः दोरा धरून पाहावा. गोलावरील दोन स्थळांमधून जाणाऱ्या या सर्वांत मोठ्या वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात, व दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट नेहमीं याच वर्तुळावर असते.

हें अंतर मोजावयास मोठें गणित नको. पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर आहे. तुमच्या गोलाचा परीघ १०० सेंटीमीटर भरत असेल, तर दोऱ्याचा एक सेंटीमीटर म्हणजे ४०० किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क हा दोरा ३१ सेंटीमीटरांहून किंचित् अधिक भरेल. त्यास ४०० नें गुणिलें म्हणजे सुमारें १२,५०० किलोमीटर येतात. अक्षांश व रेखांश घेऊन त्रिकोणमितीनें काढल्यास या दोन शहरांमध्यें पृथ्वीच्या मध्याशीं ११२.७ अंशांचा कोन होतो. एका अंशास सुमारें १११.२ किलोमीटर धरून उत्तर १२,५३० किलोमीटर. दोऱ्याचें उत्तर आणि गणिताचें उत्तर इतकें जवळ आहे. नकाशावरील त्या सरळ रेघेनें जो जाईल, त्याला मात्र सुमारें १४,२०० किलोमीटर जावें लागेल. म्हणजे सोळाशें किलोमीटरांहून अधिक फुकट चाल!

येथवर पहिला प्रश्न संपला. अंतर ही पृथ्वीची गोष्ट आहे. तें दिवसा व रात्रीं, उन्हाळ्यांत व हिंवाळ्यांत तेंच राहतें. वेळेची गोष्ट तशी नाहीं.

मोठें प्रवासी जेट विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून तासास सुमारें ९०० किलोमीटर वेगानें जातें. हिशेबाच्या सोयीसाठीं अंतर १२,६०० किलोमीटर धरलें, तर भागाकार सरळ येतो : १४ तास. पण विमान न थांबतां गेलें तरी मुंबईहून न्यूयॉर्कला जावयास सोळा तासांच्या आसपास लागतात, आणि येतांना मात्र सुमारें चौदा. एकाच वाटेचे हे दोन हिशेब कसे ?

पुष्कळ विद्यार्थी याचें उत्तर चटकन देतात : "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्याला गांव पुढें पुढें पळतो आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोर येतो." हें उत्तर चुकीचें आहे, आणि गंमत अशी कीं, तें खरें असतें तर न्यूयॉर्कला जातांना कमी वेळ लागावयास पाहिजे होता, जास्त नव्हे. पृथ्वीबरोबर तिच्यावरील हवाही फिरते, आणि विमान त्या हवेंतच असतें. धांवत्या आगगाडीच्या डब्यांत चेंडू वर उडविला तर तो मागें पडत नाहीं, पुन्हां हातांतच येतो, तसेंच हें आहे.

खरें कारण वारा. आपल्या व अमेरिकेच्या मधील त्या उत्तरेकडील प्रदेशांत, विमानें ज्या उंचीवरून जातात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे असतात. त्यांतील सर्वांत वेगवान झोतांस जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग तासास शंभर ते दोनशें किलोमीटर असणें नेहमींचें आहे. हिंवाळ्यांत तो कधीं कधीं तीनशेंच्याही वर जातो. विषुववृत्ताकडील ऊन हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या सीमेवर हे प्रवाह उत्पन्न होतात, व पृथ्वीच्या फिरण्यामुळें ते पूर्वेकडे वळतात. तेव्हां पृथ्वीच्या फिरण्याचा वेळेशीं संबंध आहे खरा. पण तो वाऱ्याच्या द्वारें, सरळ नव्हे. जपानमधील तातेनो येथील वेधशाळेंत वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञानें फुगे सोडून सोडून हे उंचावरचे वारे मोजले व १९२६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते त्यांनीं एस्पेरांतो या कृत्रिम भाषेंत लिहिले होते, आणि बाहेरच्या जगानें त्यांकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या विमानांना जपानवर याच वाऱ्यांनीं अडविलें, तेव्हां त्यांचें महत्त्व सर्वांस पटलें.

वाऱ्याचा परिणाम हिशेबानें पाहूं. समजा, जातांना वारा सरासरी तासास १०० किलोमीटर समोरून आहे. विमानाचा जमिनीवरील वेग ८०० राहिला. १२,६०० किलोमीटरांस १५ तास ४५ मिनिटें लागलीं. येतांना तोच वारा पाठीशीं; वेग १,०००, आणि वेळ १२ तास ३६ मिनिटें. आतां दोन्हींची बेरीज करा : २८ तास २१ मिनिटें. वारा मुळींच नसता तर जाऊन येण्यास बरोबर २८ तास लागले असते. म्हणजे जातांना वाऱ्यानें जें घेतलें, तें सगळें त्यानें येतांना परत दिलें नाहीं. २१ मिनिटें त्यानें ठेवूनच घेतलीं. असें कां व्हावें, याचा विचार वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा. विरुद्ध वाऱ्यांत विमान अधिक वेळ असतें आणि अनुकूल वाऱ्यांत कमी, हें त्याचें मर्म आहे.

यावरून असेंही दिसेल कीं, जवळची वाट हीच लवकरची वाट असते असें नाहीं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को येथें जाणारें एअर इंडियाचें विमान २०१५ च्या डिसेंबरपासून पश्चिमेकडे अटलांटिकवरून जाऊं लागलें. २०१६ च्या ऑक्टोबरांत तें उलट दिशेनें, पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून नेण्यांत आलें. ही वाट सुमारें १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे पहिलीपेक्षां हजार किलोमीटरांहून अधिक लांब. तरीही वारा पाठीशीं असल्यामुळें तें विमान सुमारें साडेचौदा तासांतच पोंचलें, आणि जवळजवळ दोन तास वांचले. नावाडी जसा ओढ पाहून नाव घालतो, तसाच वैमानिकही निघण्यापूर्वीं त्या दिवसाचे वारे पाहून आपली वाट आंखतो.

वेळ वाढविणारीं आणखीही कारणें आहेत. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हां जागेवर उभें राहीपर्यंतचा वेळ वेळापत्रकांत धरलेला असतो. धांवपट्टीपर्यंत जाणें, आपली पाळी येण्याची वाट पाहणें, उंच चढणें व उतरणें यांत बराच वेळ जातो. वादळ असेल तर त्याला वळसा घालावा लागतो. आणि दुसराही एक वळसा आहे, तो निसर्गानें नव्हे तर माणसांनीं घातलेला. आमचा तो दोरा गोलावर किती सहज सिंध ओलांडून मॉस्कोवरून गेला ! पण आकाशालाही सीमा आहेत. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ च्या फेब्रुवारींत युरोपांतील बहुतेक देशांनीं रशियाच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें व रशियानेंही त्यांच्या विमानांस आपलें बंद केलें. अमेरिकेचेंही तसेंच झालें. २०२५ च्या एप्रिलांत भारत व पाकिस्तान यांनीं एकमेकांच्या विमानांस आपापलें आकाश बंद केलें. अशा वेळीं दोऱ्याची वाट सोडून विमानाला दूरच्या वाटेनें जावें लागतें, इंधन अधिक जळतें, आणि घरीं वाट पाहणाराची घटकाही लांबते. पृथ्वीनें दोन शहरांमध्यें ठेविलेलें अंतर वाढत नाहीं. भांडणानें वाढते ती वाट.

आतां तिसरा प्रश्न, म्हणजे घड्याळांचा. आणि आमच्या विद्यार्थ्याच्या आजी जेथें अडल्या ती जागा हीच. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासांत १५ अंश. भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून धरली आहे, व न्यूयॉर्कची पंचाहत्तर अंश पश्चिम रेखांशावरून. दोहोंची बेरीज साडेएकशेंसत्तावन्न अंश. त्यांस १५ नें भागिलें म्हणजे साडेदहा येतात. आपलें घड्याळ न्यूयॉर्कच्या घड्याळाच्या साडेदहा तास पुढें असतें तें यामुळें. उन्हाळ्यांत तेथील लोक आपलीं घड्याळें एक तास पुढें करितात. तेव्हां हा फरक साडेनऊ तासांचा राहतो.

आतां तें तिकीट पुन्हां हातांत घ्या. निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची आहे आणि पोंचण्याची न्यूयॉर्कच्या घड्याळाची. हीं दोन वेगळीं मापें. एकांतून दुसरें वजा करणें म्हणजे शेरांतून हात वजा करण्यासारखें आहे. प्रथम दोन्हीं वेळा एकाच घड्याळाच्या कराव्या. न्यूयॉर्कला सकाळचे सात म्हणजे, साडेदहा तास मिळवून, आपल्याकडे सायंकाळचे साडेपांच. रात्रीं दीडपासून सायंकाळीं साडेपांचपर्यंत सोळा तास. विमान वेळेवर होतें, दादाचें म्हणणें खरें होतें, आणि घड्याळही खोटें बोललें नव्हतें. सकाळीं सात वाजतां, जेव्हां आजी टेलिफोनजवळ बसल्या, तेव्हां विमान अर्ध्या वाटेवरही आलें नव्हतें. उतरल्यावर सामान घेणें, कागदपत्रें दाखविणें यांत आणखी तास गेला व साडेसहाला निरोप आला. त्यांत विलंब असा कसलाच नव्हता.

हें सर्व सांगत असतां आम्हांस आपल्याच महाराष्ट्रांतील एका प्रवासाची आठवण झाली. आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस गेल्या, त्या १८८३ सालीं ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या; म्हणजे ५८ दिवस. ज्या वाटेला आज सोळा तास लागतात, तिला तेव्हां जवळजवळ दोन महिने लागत, आणि तेवढे दिवस घरच्या माणसांनीं काय सोसावें याची कल्पना आपणांस आज येणें कठीण आहे. तें लक्षांत घेतां आजचें एका दिवसाचें वाट पाहणें लहान वाटेल. पण ज्याला हिशेब ठाऊक नाहीं त्याला एक दिवसही मोठा असतो. आजींचा तो दिवस अंतरामुळें लांबला नाहीं, चुकलेल्या वजाबाकीमुळें लांबला.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं घरीं करावयास एक काम दिलें होतें : घरांतील घड्याळाखालीं एक कागद लावावा, आणि त्यावर लिहावें, "न्यूयॉर्क : हिंवाळ्यांत साडेदहा तास मागें, उन्हाळ्यांत साडेनऊ." त्यानें तें केलें. पुढें डिसेंबर महिन्यांत त्याचा भाऊ सुटींत घरीं यावयास निघाला. त्याचें विमान न्यूयॉर्कहून सकाळीं साडेअकराला निघावयाचें होतें व दुसऱ्या दिवशीं दुपारीं बाराला मुंबईस उतरावयाचें होतें. शेजारच्या एका बाईंनीं सहज म्हटलें, "अहो, चोवीस तासांहून अधिक बसून राहावयाचें म्हणजे पोराचे हाल !" तेव्हां आजींनींच त्यांस कागद दाखविला. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेअकरा म्हणजे आपले रात्रीचे दहा; रात्रीं दहापासून दुपारीं बारापर्यंत चौदा तास. "जातांना सोळा लागले होते," त्या म्हणाल्या, "येतांना वारा पाठीशीं असतो."

त्या रात्रीं आजी दहाच्या ठोक्याला देवापुढें निरांजन लावून निजल्या, आणि त्यांस झोंप लागली, असें त्या मुलानें आम्हांस मुद्दाम येऊन सांगितलें.